रुमालाखालचा भाव

नोव्हेंबर २०१८ मधील एका दुपारी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर बँकेचे रजिस्टर पत्र आले. पत्र थकबाकीचे होते. कर्जदार मुंबईचा एक टॅक्सीचालक आणि जामीनदार पेढीचे मालक अण्णा. मोटारीच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते. ते भरले न गेल्यास जामीनदाराकडून वसुली करण्यात येईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. चाळीस वर्षांच्या व्यापारात अण्णांच्या नावावर असे पत्र कधी आले नव्हते. थोरल्या मुलाने ते दोनदा वाचले आणि विचारले, "अण्णा, हा कोण? आणि तुम्ही सही कधी केलीत?"

अण्णांनी चष्मा काढून गादीवर ठेवला. म्हणाले, "दादरचा टॅक्सीवाला. माणूस खोटा नाही. हिशेब कुठेतरी चुकला असणार."

ही ओळख वीस वर्षांची होती. अण्णा वसुलीसाठी महिन्यातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस जात, पहाटे दादरला उतरत आणि टॅक्सीने मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांकडे निघत. जौनपूरकडचा हा चालक त्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा मालकाची प्रीमियर पद्मिनी पाळीने चालवीत होता. त्या वेळी मीटर मोटारीच्या बाहेर बसविलेला असे. त्यावरचा आकडा पाहून छापील दरपत्रकात भाडे शोधावे लागे. अण्णांना हा प्रकार फार आवडे. त्यांच्या पेढीवरील काट्यावर दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का बसतो आणि टॅक्सीच्या मीटरचे सीलही त्याच खात्याचे असते, हे त्यांनी एकदा चालकालाच समजावून सांगितले होते. "तुझे माप आणि माझे माप एकाच घरचे," असे ते म्हणत. एकदा मशीद बंदरला उतरताना वसुलीच्या रकमेची पिशवी टॅक्सीत राहिली. संध्याकाळी चालक व्यापाऱ्याचे दुकान शोधीत आला आणि न मोजता पिशवी देऊन गेला. तेव्हापासून त्याचा फोन नंबर अण्णांच्या खिशातील डायरीत पहिल्या पानावर होता.

मात्र सगळेच चालक असे नव्हते. जवळचे भाडे नाकारणे, उलट्या दिशेला येणार नाही म्हणून काच वर करणे, पावसात मनाला येईल ती रक्कम मागणे, ही काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ख्याती मुंबईकरांनी उगाच पसरविलेली नव्हती. अण्णांची मुंबईतील सून एकदा तापलेले मूल घेऊन रात्री अर्धा तास रस्त्यावर उभी होती आणि चार टॅक्सीवाल्यांनी तिला नकार दिला होता. २०१० मध्ये मुंबईतच ओला सुरू झाली. २०१३ मध्ये उबर भारतात आली. फोनवर बोट ठेवताच मोटार दाराशी येऊ लागली, चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि भाडे आधीच दिसू लागले. सुनेने त्या दिवसापासून टॅक्सीच्या तळाकडे पाहिले नाही. तिचे चुकले असे अण्णांना कधीही वाटले नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात का गेले, याचे उत्तर आधी आपल्या दुकानात शोधावे, ही त्यांची धंद्यातली शिकवण होती.

२०१६ मध्ये त्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत संपून ती मोडीत निघाली. चालकापुढे प्रश्न उभा राहिला. त्याच्या गावची पाच-सात मुले ॲपवर मोटारी चालवून महिन्याला सत्तर-ऐंशी हजारांचा धंदा करीत होती, कारण ठरावीक फेऱ्या पुऱ्या केल्या की कंपनी भाड्याव्यतिरिक्त भरघोस बक्षीस देत असे. त्यानेही स्वतःची मोटार घेण्याचे ठरविले. सहा लाखांचे कर्ज, साठ हप्ते, प्रत्येक हप्ता सुमारे तेरा हजार. बँकेला जामीनदार हवा होता. अण्णांनी कागद वाचून सही केली आणि घरी सांगितले नाही. पिशवीची आठवण त्यांना पुरेशी वाटली होती.

पत्र आल्यावर अण्णा त्याच आठवड्यात मुंबईस गेले. चालक दादरला मोटार घेऊन उभा होता. त्याची मान वर होत नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस ॲपवरील चालकांनी मुंबईत दहा-बारा दिवसांचा संप केला होता. त्यात कमाई बुडाली आणि त्याआधीच क्लचच्या कामात शिल्लक संपली होती. अण्णांनी त्याला हॉटेलात बसविले, चहा मागविला आणि कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. रोजचे दोन हजार धरून सव्वीस दिवसांचे बावन्न हजार. त्यातून कंपनीचा वाटा तेरा हजार, सीएनजी व टोल चौदा हजार, हप्ता तेरा हजार, विमा व दुरुस्तीचे चार हजार. हाती आठ हजार. बारा-चौदा तास मोटार चालवून आठ हजार! पूर्वी बक्षिसाचे वीस-तीस हजार वर मिळत, म्हणून हिशेब जुळत होता. ते बक्षीस हळूहळू आटले होते.

"पण दर कोण ठरवितो?" अण्णांनी विचारले.

"शेठ, कंपनी ठरविते."

"कशावरून?"

चालकाला सांगता येईना. एकाच रस्त्याला सकाळी एक भाडे, संध्याकाळी दुसरे. गिऱ्हाइकाने किती दिले आणि आपल्याला किती मिळाले, यांचा मेळ त्याला कधी लागत नसे.

अण्णांना आपल्या वडिलांच्या काळचा बाजार आठवला. तेव्हा शेतमालाचे सौदे अनेक ठिकाणी रुमालाखाली होत. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता कापडाकडे पाहत असे. बाजार समित्यांचे कायदे आले, उघड लिलाव सक्तीचे झाले, तेव्हा तो रुमाल उठला. त्या वेळी कित्येक व्यापारी कुरकुरले होते. पण पुढे उघड सौद्यानेच बाजाराची पत वाढली आणि लांबलांबून माल सांगलीला येऊ लागला. फोनवरच्या भाड्यात अण्णांना तोच रुमाल दिसला. बोटे यंत्राची होती, एवढाच फरक.

दुसरीही एक गोष्ट त्यांना खटकली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे सरकार ठरविते, मीटरला सील असते, मोटारीचे आयुष्य ठरलेले असते. पर्यटक परवान्यावर शहरभर फिरणाऱ्या ॲपच्या मोटारीला यांतील भाड्याचे बंधन नव्हते. एकाच बाजारात एका दुकानदाराला शिक्क्याचे वजन आणि दुसऱ्याला मनाचे वजन, असा हा न्याय होता. अशा बाजारात नियम पाळणारा आधी बुडतो. आणि नियम नसलेल्या दुकानात कामाला गेलेला माणूसही शेवटी तरत नाही, हे त्यांच्यासमोर चहाचा पेला धरून बसलेच होते.

अण्णांनी दोन हप्त्यांचे सव्वीस हजार भरले आणि वहीत उसनवार म्हणून मांडले. चालकाने ते पुढच्या दीड वर्षात हजार-दोन हजार करून फेडले. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली म्हणून मोटार वाचली. २०२१ च्या अखेरीस कर्ज निल झाले.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, न्यूयॉर्कमध्ये नोकरीस असलेल्या नातवाचा फोन आला. आजोबांनी कधीकाळी टॅक्सीवाल्यासाठी सही केली होती, ही घरातली गोष्ट त्याला ठाऊक होती. म्हणून त्याने तिथली आदल्या दिवशीची बातमी सांगितली. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीला १९३७ च्या कायद्यापासून ठरावीक संख्येचे परवाने आहेत. संख्या मर्यादित म्हणून त्यांची किंमत चढत गेली आणि २०१४ च्या सुमारास एक परवाना दहा लाख डॉलरच्या पुढे विकला गेला. महापालिकेने स्वतःही परवाने लिलावाने विकून पैसा मिळविला. बांगलादेशी, पाकिस्तानी, पंजाबी चालकांनी जन्माची पुंजी आणि मोठाली कर्जे त्यात घातली. मग ॲपच्या मोटारी हजारोंनी आल्या, त्यांना संख्येचे बंधन नव्हते. परवान्याची किंमत कोसळली, कर्ज मात्र तसेच राहिले. २०१८ मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. त्या ऑगस्टमध्ये शहराने ॲपच्या नव्या मोटारींवर मर्यादा घातली, पण तोवर उशीर झाला होता. अखेर २०२१ मध्ये चालकांनी महापालिकेसमोर ठाण मांडले, पंधरा दिवस उपोषण केले आणि ३ नोव्हेंबरला तोडगा निघाला. कर्जाची मुद्दल जास्तीत जास्त एक लाख सत्तर हजार डॉलरवर आणायची आणि त्या कर्जाला शहराने हमी द्यायची.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे शेवटी महापालिका जामीन राहिली."

"हो आजोबा."

"ज्याने परवाना विकला, त्यानेच जामीन राहायला हवे होते. पण ते आधी."

परवान्याची संख्या गोठविली की परवान्याचा सट्टा होतो आणि काहीच बंधन न घातल्यास माणसाच्या श्रमाचा सट्टा होतो. या दोन टोकांमधील वाट आपल्याकडेही हळूहळूच निघाली. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने ॲप कंपन्यांना प्रथमच कायद्याच्या व्याख्येत आणले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक वाढ नको, निम्म्याहून कमी भाडे नको, चालकाला भाड्याचे किमान ऐंशी टक्के मिळावेत, बारा तासांपेक्षा अधिक काम नको. पण अंमल राज्यांच्या हाती होता आणि तो रेंगाळला. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला, परवान्याविना चालणाऱ्या कंपन्यांनी आधी परवान्यासाठी अर्ज करावा, असे सांगावे लागले. २०२५ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचे धोरण आणले आणि त्यात भाडेवाढ दीडपटीपर्यंत व सवलत पंचवीस टक्क्यांपर्यंत बांधली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे अठ्ठावीसवरून एकतीस रुपये झाले होते. दोन्ही दुकानांवर माप टांगले गेले. ते खरोखर वापरले जाते का, हे पाहणारा निरीक्षकही तितकाच जागा हवा.

दरम्यान ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची नोंदणी २००३ ची होती, तिचीही वीस वर्षे भरली. चालकाने त्या दिवशी अण्णांना फोन करून एवढेच सांगितले, "शेठ, अपनी गाड़ी गई."

गेल्या पावसाळ्यानंतर तो सांगलीला आला, सोबत मुलगा होता. मुलाला मोटार घ्यायची होती आणि पुन्हा जामीनदार हवा होता. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. त्यांची सही बँक आता स्वीकारणार नव्हती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी थोरल्या मुलाकडे पाहिले. सात वर्षांपूर्वी "हा कोण?" असे विचारणारा तो मुलगा आता पेढी सांभाळत होता.

त्याने तरुणाला जवळ बसविले. परवाना कोणता घेणार, कंपनीकडे सरकारी परवाना आहे का, दर किलोमीटरला किती आणि त्यातले हाती किती, हे एकेक करून विचारले. तीन हप्त्यांची रक्कम आधीच ठेवीत बाजूला ठेवण्याची अट घातली. मग गल्ल्यामागच्या कपाटातून एक कोरी वही काढून त्याच्या हातात दिली. "रोज रात्री लिही. गिऱ्हाइकाने दिले किती, तुला मिळाले किती. दोन आकडे जुळेनासे झाले की हप्ता थकण्याची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी फोन कर."

मग त्याने बँकेचा कागद पुढे ओढला, सावकाश शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.