आकड्याची भाषा

१९९८ साली मी नुकताच बी.एड. होऊन शाळेत लागलो होतो. बुद्धिमापन शिकून आल्याची थोडी ऐटही होती. पाचवीतला एक दहा वर्षांचा मुलगा वर्गात तोंडच उघडत नसे. त्याला मी कसोटी दिली. मानसिक वय निघाले सात. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणले, बुद्ध्यांक ७०. वडिलांना बोलावून सांगून टाकले, "याला पुढचा अभ्यास झेपायचा नाही."

आठवड्याने मधल्या सुट्टीत तोच मुलगा शिपाईमामांशी कानडीत घडाघडा बोलताना दिसला. मी चमकलो. लाकूड आणि कोळसा यांत सारखे काय, या प्रश्नाला तो माझ्यासमोर गप्प बसला होता. मामांना तोच प्रश्न कानडीत विचारायला लावला. "एरडू उरीताव," पोरगा लगेच म्हणाला. दोन्ही जळतात! घरात कानडी, शाळा मात्र जवळची म्हणून मराठी.

मला अधिक लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमों यांच्यासह १९०५ साली पहिली कसोटी तयार केली, ती मागे पडणारी मुले हुडकून त्यांना जादा मदत देण्यासाठी. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्याच कसोटीची आपल्याकडची आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी केली. १९३४ साली त्यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला, १९४० साली पुस्तक. मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी त्यांनी ती मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत बसवली होती. म्हणजे आपल्या मुलखाची अडचण त्या गृहस्थांनी साठ वर्षांपूर्वीच ओळखली होती. आणि मी? शाळा मराठी, म्हणून मूलही मराठी, असे धरून चाललो.

त्याच्या घरी जायचे ठरवले. पण शाळा तपासणीच्या गडबडीत चार दिवस गेले. सोमवारी मुलगा आला नाही. मंगळवारी घर गाठले, तर त्याला गॅरेजात लावून टाकले होते. मी चूक कबूल केली, पुष्कळ समजावले. वडील शांतपणे म्हणाले, "सर, तुमीच सांगितलंय की, झेपत नाही म्हणून."

तो परत आला नाही.

आता मी मुख्याध्यापक आहे. पालक मोठ्या हौसेने किंवा धास्तीने बुद्ध्यांकाचा कागद घेऊन येतात. आकडा पाहण्याआधी मी विचारतो, मूल आईशी कुठल्या भाषेत बोलते? आणि कसोटी कुठल्या भाषेत झाली? दोन्ही उत्तरे एक नसतील, तर तो कागद मी दप्तरी लावत नाही. पुन्हा, मुलाच्या भाषेत कसोटी घ्यायला लावतो. आणि आकडा कितीही येवो, "झेपायचे नाही" हे शब्द पालकांपुढे उच्चारत नाही.