ठासणीची बंदूक आणि चार वाट्या

परवा माळा आवरताना बांबूचं एक नळकांडं सापडलं. बोटाएवढं, एका बाजूला गाठ, दुसरं तोंड कापलेलं आणि काळपट. लेकीने विचारलं, "बाबा, हे काय?" म्हटलं, तुझ्या पणजोबांचं माप.

आजोबा मुरबाड तालुक्यातले. पीक राखायच्या परवान्यावर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. दिवाळीत आम्ही कल्याणहून एसटीने गावी जायचो तेव्हा भात कापणीला आलेलं असायचं आणि रानडुकरं रात्री शेतात शिरायची. आजोबा ओटीवर बसून बंदूक भरायचे. आधी या नळकांड्याने मोजून दारू, त्यावर काथ्याचा बोळा, मग छरे, वर पुन्हा बोळा. दर वेळी गजाने ठासायचं. ठोके मोजून, आवाजाकडे कान देऊन. सगळ्यात शेवटी टोपी, तीसुद्धा शेतावर पोचल्यावर. एकदा मी म्हटलं, थोडी जास्त दारू घाला ना, मोठा बार होईल. म्हणाले, "जास्त घातली तर डुक्कर नाय, खांदा जातो." बहुतेक वेळा बार हवेतच व्हायचा. दुसऱ्याने भरलेली बंदूक मात्र त्यांनी कधी उडवली नाही. सख्ख्या भावाने भरली तरी नाही. यावरून घरात रुसवेफुगवेही झालेले आहेत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आजोबा गेल्यावर ती जमा झाली ती कायमचीच.

हे सगळं मी विसरलो होतो. आठवलं ते लेकीच्या नेमबाजीमुळे.

ती नववीत असताना शाळेतल्या मैत्रिणीबरोबर रेंजवर गेली आणि तिथलीच झाली. दहा मीटर एअर रायफल. पहाटेची डोंबिवली लोकल, दादरला उतरून वरळीची रेंज, खांद्यावर ती लांबलचक पेटी. डब्यातल्या बायका हमखास विचारणार, "गिटार का गं?" ती हो म्हणते. खरं सांगितलं तर दादरपर्यंत प्रश्न संपत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, यात बापाचं काय काम? काहीच नाही, आणि तीच माझी अडचण होती. नेम तिचा, श्वास तिचा. मी आपला बाहेरच्या बाकावर चहा पीत बसणार. मग मी इंटरनेटवर वाचायला लागलो. परदेशात शिकारी लोक रायफलची काडतुसं घरीच भरतात. दारूचा कणन् कण तोलतात, गोळी किती खोल बसवायची ते ठरवतात, एकेक गोष्ट बदलून पाच-पाच गोळ्या झाडून बघतात आणि आपल्याच बंदुकीला मानवणारं काडतूस शोधून काढतात. आपल्याकडे शिकार १९७२च्या कायद्याने बंद झाली आणि काडतूस भरायला परवाना लागतो, त्यामुळे तो नाद इथे शक्य नाही. पण वाचताना ओटीवरचा तो गजाचा आवाज पुन्हा ऐकू आला. वाटलं, दारू नसली तर नसली, पेलेट तर आहे!

पेलेट म्हणजे शिशाचा चिमुकला डमरू. व्यास साडेचार मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर. पण साडेचार म्हणजे नक्की साडेचार नाही. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात आणि कुठल्या नळीला कुठला मानवेल हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मालातही घाणा बदलला की गुण बदलतो. .२२च्या नेमबाजांचं तर पुढचंच. लापुआ कंपनीचं जर्मनीत शोनेबेकला केंद्र आहे, तिथे आपली रायफल न्यायची, शिकंज्यात बसवायची आणि एकेका घाण्याच्या गोळ्या झाडून घ्यायच्या. जी सगळ्यात लहान भोक पाडेल तो घाणा विकत घ्यायचा.

आम्हीही एका ओळखीच्यांकडे रायफल शिकंज्यात लावली. चार प्रकारचे डबे, प्रत्येकी दहा-दहा पेलेट. एका डब्याची दहाही जवळजवळ एकाच भोकातून गेली, दुसऱ्याचं भोक चांगलं चवलीएवढं झालं. इथपर्यंत मी शहाणा होतो.

नंतर मी कल्याणहून सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. रोज रात्री जेवणं झाली की टेबलावर चार स्टीलच्या वाट्या. ०.५२ची एक, ०.५३ची एक, ०.५४ची एक, आणि चौथी चेपलेल्यांची. पाचशेचा डबा उलगडायला तीन रात्री लागायच्या. बायको म्हणाली, "तांदूळ निवडायला सांगितले की तुमचा चष्मा सापडत नाही." मी हसलो आणि मोजत राहिलो. ०.५३ची वाटी फक्त स्पर्धेसाठी.

खरं तर मी गणितही केलं होतं. दहा मीटर जाईपर्यंत पेलेट साधारण सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतं. वजनात शतांश ग्रॅमचा फरक असेल तर त्यात फार तर तिसरा हिस्सा मिलिमीटर इकडेतिकडे. लक्ष्यावर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण. म्हणजे माझ्या तीन रात्रींची किंमत, एका नेमामागे जेमतेम दशांश-दीड दशांश. आणि ९.८ लागतो तेव्हा पेलेट मध्यापासून जवळजवळ तीन मिलिमीटर दूर असतं. हे मला माहीत होतं. तरी काटा बंद झाला नाही. दुसरं काय करणार होतो मी?

स्पर्धेत साठ नेमांचे तिचे ६०९ झाले. सरावात ६१७-६१८ यायचे. परतताना लोकलमध्ये मी हवेतल्या दमटपणाबद्दल बोलत होतो. डब्याचा घाणा बदलायला हवा होता, असंही म्हणालो. ठाणे गेलं, मुंब्रा गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. दिव्याला म्हणाली, "बाबा, सरावाला मी तुमच्या वाट्यांतली पेलेट वापरतच नाही. सरळ डब्यातली घेते. आज वापरली."

मी विचारलं, का?

"डब्यातलं असलं आणि नऊ लागला, तर वाटतं, असेल पेलेटच तसं. पुढच्या नेमाला विसरते. तुम्ही निवडलेलं असलं की तसं म्हणता येत नाही. मग मीच उरते."

कोपर आलं, डोंबिवली आली. पेटी मीच उचलली. घरापर्यंत रिक्षात काही बोललो नाही. रागावलो होतो म्हणून नव्हे. त्या चार वाट्या मी नेमक्या कोणासाठी मांडत होतो, हे आठवायचा प्रयत्न करत होतो.

पुढे १ ऑगस्ट २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरचं कांस्य घेतलं तेव्हा आम्ही दोघं फोनवर बघत होतो. ४५१.४. मी चुकून बोलून गेलो, "घाणा कुठला असेल रे याचा?" तिने नुसतं बघितलं. मी चहा टाकायला उठलो.

आता वर्षातून एकदा शिकंज्यावर घाणा ठरवतो, तेवढं खरंच उपयोगाचं आहे. पुढचं तिचं ती बघते. स्पर्धेच्या आदल्या रात्री डबा उघडून शंभर पेलेट स्वतः डबीत मांडते, चेपलेलं दिसलं तर काढते, न दिसलं तर नाही. काटा ओट्यावर आहे. त्यावर केशर मोजतात.

तर ते नळकांडं. ती धुवायला निघाली होती, मी नको म्हटलं. वास घेतला तिने. काही येत नव्हता.

"पणजोबांना कोणी भरून द्यायचं नाही?"

"देऊ पाहायचे. ते घ्यायचे नाहीत."

पेलेटच्या डबीत मावतं का बघितलं तिने. मावलं नाही. सध्या टीव्हीशेजारी उभं आहे.