खंजिरी कुणाच्या हातात?

तुकडोजी महाराजांचं एखादं भजन मोबाइलवर शोधावं, तर त्याची कितीतरी रूपं समोर येतात. कुठे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, कुठे बासरी-व्हायोलिनचा ताफा, आणि मध्येच खरखर ल्यालेलं, खुद्द महाराजांच्या आवाजातलं जुनं ध्वनिमुद्रण. पांढुर्णा-सौंसरकडे यातलं कुठलं लावायचं हा घरचा प्रश्न आहे. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी. महाराजांनीही मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत भजनं लिहिली, म्हणून ती सगळीच इथल्या माणसाला आपली वाटतात.

मी जुनं लावतो.

महाराज ज्या खंजिरीवर भजन गात, ती जवळून पाहावी. लाकडी कडं, एका बाजूला ताणून मढवलेलं कातडं, कडेच्या खाचांत खुळखुळणाऱ्या चकत्या. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग वाजवणारा ती विस्तवाजवळ धरतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा धरतो. टणक नाद आला की मंडळी सरसावून बसतात. फायबरच्या पानाला ही यातायात नाही. ते श्रावणात वाजतं तसंच वैशाखात. गावोगाव फिरणाऱ्या मंडळाने ते घेतलं तर त्याला बोल कसा लावायचा?

माझं मन अडतं ते दुसरीकडे. महाराज गात तेव्हा खंजिरी त्यांच्याच हातात असे. गळा आणि थाप एकाच माणसाची असली की शब्दाला हवा तेवढा श्वास मिळतो. एखाद्या ओळीवर थबकावंसं वाटलं तर हातही थबकतो. हल्ली बरेचदा ठेका आधी भरून ठेवतात आणि गायक हेडफोन लावून त्याच्यामागे धावतो. सूर चोख, ताल चोख, पण भजन कुणाला उद्देशून आहे तेच कळेनासं होतं.

युरोपात संगीतकार बाखच्या रचनांबद्दल जुनी वाद्यं की नवी, असाच वाद रंगला. त्याचे सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो १७२१ मधले. १९५३ साली निकोलाउस हार्नोन्कूर्ट यांनी व्हिएन्नात जुन्या वाद्यांचा मेळ उभा केला. या वाद्यांच्या आतड्याच्या तारा. दमट हवेत त्यांचाही सूर हलतो. स्वरही बहुधा आजच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली लावतात. मला मोलाचं वाटतं ते हे, की हार्नोन्कूर्ट स्वतः चेलो वाजवत तो मेळ चालवीत. बाखच्या काळीही छडी घेऊन समोर उभा राहणारा वेगळा संचालक सहसा नसे. वाजवणाऱ्यांतलाच एकजण सगळ्यांना घेऊन जाई.

तेव्हा कीबोर्ड असला तरी हरकत नाही, गायक-वादक एकत्र बसून गायलेले असले की पुरे. आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या मंडळांना एक विनंती: तुमच्याकडे कातडी खंजिरी वाजवत गाणारी जुनी माणसं आहेत, त्यांचं भजन आताच ध्वनिमुद्रित करा. फोन मधोमध ठेवा, लाउडस्पीकर बंद करा, आणि मागाहून त्यात काहीही भरू नका.