सर्वांत वरचे घर

‘पेंटहाऊस’ या शब्दाचे कुळ फारसे मोठे नाही. जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ, मुख्य घराच्या भिंतीला टेकवून काढलेले उतरते छप्पर, असा होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पडवी. पुढे बोलण्याच्या ओघात त्याला ‘हाऊस’ हे शेपूट चिकटले, आणि विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या धनिकांनी उंच इमारतींच्या माथ्यावर घरे बांधण्यास आरंभ केल्यावर हीच पडवी थेट गच्चीवर जाऊन बसली. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर विकावयाचे आम्ही तिघा भावंडांनी ठरविले, तेव्हा दलालाने केलेल्या जाहिरातीत त्याला हेच नाव दिलेले पाहिले. हे घर एवढे मोठे केव्हा झाले, असा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळतो आहे.

उंचीला मान मिळाला तो अलीकडेच. प्राचीन रोममधील भाड्याच्या बहुमजली इमारतींत सर्वांत गरीब माणूस सर्वांत वर राहत असे. पाणी खालून वाहून न्यावे लागे आणि आग लागली तर सुटकेची आशा कमी. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्येही छपराखालच्या खोल्या मोलकरणींसाठी असत. आमच्या वाड्यातली रीत याहून वेगळी नव्हती. चौक, ओसरी आणि माजघर यांचा मान मोठा, माडीवर पाहुणे, आणि पोटमाळ्यावर, जेथे उन्हाळ्यात दुपारी कौलांखाली पाय ठरत नसे, तेथे बाहेरगावाहून विद्यापीठात शिकावयास आलेली मुले अल्प भाड्यात राहत. ही उतरंड उलटी केली ती लिफ्टने. १८५७ साली न्यूयॉर्कमधील एका पाचमजली दुकानात एलिशा ओटिस यांची माणसांसाठीची सुरक्षित लिफ्ट बसली. जिन्याचे कष्ट संपले तशी वारा, उजेड आणि दृश्य यांना किंमत आली.

१९९० नंतरच्या दशकात आमचा वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली. खाली दुकाने, वर चार मजल्यांवर आठ बिऱ्हाडे, आणि जमिनीचे मालक म्हणून आमच्या वडिलांना सगळा पाचवा मजला, त्यावरील गच्चीच्या हक्कासह. पोटमाळ्याच्या जागी आलेले हे घर आज त्या इमारतीतील सर्वांत महागडी मालमत्ता आहे.

दलालाची जाहिरात आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. खोल्या किती, क्षेत्रफळ किती, हे दोन ओळींत संपते. उरलेला मजकूर घराबाहेरच्या वस्तूंचा आहे: सुरसागराचे दर्शन, १८९६ सालच्या न्यायमंदिराचे घुमट, दूर झाडांवर दिसणारा लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा, आणि ‘ऐतिहासिक परिसरातील जुन्या घरांचे मनोहर दृश्य’. यातले काहीही आमचे नाही. तलाव नगराचा आहे. न्यायमंदिर तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळात उभे राहिले आणि अनेक दशके त्यात न्यायालय भरत असे. आणि ती जुनी घरे आमच्या शेजाऱ्यांची आहेत.

शेजाऱ्यांच्या घरांचा विचार मनातून जात नाही. रावपुऱ्याजवळ तांबेकर वाडा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा, त्यातील भित्तिचित्रांसह, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पुराण आणि महाकाव्यांतील प्रसंग, श्रीकृष्णाच्या लीला आणि इंग्रज-मराठा युद्ध, सारे तेथे भिंतींवर शेजारी शेजारी नांदते. २०१० साली प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीनेच, असा नियम झाला. याचा अर्थ त्या वर्तुळातील अनेक घरमालकांना मजला चढविता येत नाही. तुळईला वाळवी लागली तरी दुरुस्तीसाठी कागद हिंडवावे लागतात. त्यांच्या ठेंगण्या छपरांवरून आमच्या खिडकीत वारा येतो, आणि आम्ही तो वारा चौरस फुटाच्या दरात मिळवून विकावयास काढतो. वर्तुळाबाहेरच्या ज्या शेजाऱ्यांवर बंधन नाही, त्यांनीही आजवर वाडे राखले ते आपल्या मर्जीने किंवा आपल्या अडचणीने. उद्या त्यांनीही आमच्याप्रमाणे पाच मजले बांधले, तर आमच्या पेंटहाऊसमधून समोरच्यांच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसतील. आमच्या उंचीचा भाव दुसऱ्यांच्या ठेंगणेपणावर उभा आहे, ही गोष्ट जाहिरातीत छापण्याजोगी नसली तरी खरी आहे.

दृश्याविषयी आम्ही काही करू शकत नाही. गच्चीची गोष्ट मात्र आमच्या हातची आहे.

बडोद्यात गच्चीला आम्ही मराठी माणसेही अगाशीच म्हणतो. १४ जानेवारीला सकाळी घरात तिळगुळाचा नैवेद्य होतो तो संक्रांतीचा, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत सारे शहर अगाशीवर असते ते उत्तरायणाचे. कौलारू वाड्यांच्या दिवसांत गल्लीतील मुले ज्या घराला सपाट धाबे असेल तेथे जमत. कुणाचे धाबे, असे कुणी विचारीत नसे. आमच्या इमारतीत कागदोपत्री अगाशी आमची असली, तरी वडिलांनी तिच्या दाराला कधी कुलूप लावले नाही. आठही बिऱ्हाडांचे पापड तेथे वाळले, उन्हाळ्यात अंथरुणे पडली, आणि उत्तरायणाला ‘काय पो छे’ची आरोळी नऊ घरांनी मिळून ठोकली. इमारतीची पाण्याची टाकी आणि लिफ्टचे यंत्रही तेथेच आहे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने सामाईक गच्ची ही सामाईक जागांत मोजली आहे. परंतु आमची इमारत त्याआधीची, आणि आमचे कागद जुन्या रीतीचे.

जाहिरातीत या अगाशीविषयी तीन शब्द आहेत: ‘स्वतंत्र खासगी टेरेस’. दलालाच्या मते ग्राहक पैसे मोजतो ते याच तीन शब्दांसाठी. नवा मालक तेथे बाग करील, छत घालील, आणि दाराला कुलूप लावील. तो त्याचा हक्कच असेल. खालची आठ बिऱ्हाडे आम्हांला काही बोलली नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र एवढेच विचारले, “यंदाचे पापड वाळेपर्यंत तरी घर तुमचेच असेल ना?”

आम्हा तिघांत यावरून मतभेद झाला, तो लपविण्याचे कारण नाही. धाकट्या भावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसा हवा आहे, आणि ती गरज खरी आहे. त्याचे म्हणणे असे, की वडिलांनी दिले ते औदार्य होते. औदार्य दस्तावेजात लिहून पुढच्या मालकावर लादता येत नाही. ताईचे म्हणणे असे, की इतकी वर्षे अडविली नाही ती वाट ही त्या घरांची वहिवाटच झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वकिलांचा सल्ला घेऊन अखेर आम्ही असे ठरविले, की बानाखतातच, म्हणजे साठेखतातच, एक अट घालावयाची: टाकी आणि लिफ्टच्या दुरुस्तीसाठी अगाशीची वाट कायम मोकळी राहील, आणि उत्तरायणाच्या दोन दिवशी इमारतीतील सर्व रहिवाशांना तेथे येता येईल. बाकी तीनशे त्रेसष्ट दिवस अगाशी घेणाऱ्याची. पापडांचा समावेश करावयास धाकटा भाऊ तयार झाला नाही. अटीमुळे किंमत जेवढी उतरेल तेवढी तूट ताईने आणि आम्ही आपल्या वाट्यातून सोसावयाची, त्याच्या वाट्यातून नव्हे, असे ठरल्यावरच त्याने संमती दिली.

जाहिरातीतील ‘खासगी’ हा शब्द आम्ही काढविला आहे. अट वाचून एक ग्राहक परत गेला. दुसऱ्याने मसुदा घरी नेला आहे. त्यांच्या घरी पतंग उडविणारी दोन मुले आहेत, असे दलाल सांगत होता.