जुन्या सायकलीचे गियर

माळेगाव बुद्रुकात मी जुनी गियरची सायकल घेतली. मागं सात दातेरी चकत्या. चढाला चेन उडते. दुकानदार म्हणतो, अख्खा सेट काढ, नऊ चकत्यांचा टाक. दोस्त म्हणतात, टाकच! आपल्या वाट्याला कायम दुसऱ्यानं वापरून टाकलेलंच का?

सवाल खरा आहे. आज्याला वरच्या आळीतनं पायताण घालून जायची चोरी होती. पण काय बदलायचं ते मी ठरवीन. दुकानदार नाही, माझी चीडही नाही.

मी साखर कारखान्यातला हंगामी कामगार. दाते कसे झिजतात ते रोज बघतो. पुढं ४२ दाते, मागं १४, की पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. मागं २८ घेतले की दीडदा. उसाच्या ट्रॉल्यांमधनं वाट काढायला एवढं बास. नऊ चकत्या म्हणजे शिफ्टर, चेन आणि बहुधा मागचा हबसुद्धा नवा. माझी चेन ताणलीय, तिनं चकत्या खाल्ल्यात. नुसती चेन बदलली तर झिजल्या दात्यांवर ती उडणारच. म्हणून चेन आणि सातचंच फ्रीव्हील, दोन्ही नवं. बाकीचं चालतंय, राहू दे.

दोस्तहो, झिजलंय ते बेधडक फेका. फक्त हौसेपायी पगार गहाण टाकू नका, आणि ‘तुम्हाला गियर कशाला’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नका.