बदामाच्या दरीतील चेहरे

'कॅलिफोर्निया बदाम' हे नाव आपल्या पेढ्यांवर नित्याचे आहे. दिवाळी आली, लग्नसराई आली की त्याच्या भावाची चौकशी घरोघर होते. मात्र तो ज्या भूमीतून येतो, तिचा परिचय फारसा कोणास नसतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्निया राज्याच्या मध्यभागी सुमारे ७०० किलोमीटर लांबीची सपाट दरी आहे. पूर्वेस सिएरा नेवाडाची हिमाच्छादित शिखरे, पश्चिमेस किनाऱ्यालगतच्या डोंगररांगा. उन्हाळ्यात येथे पाऊस जवळजवळ पडत नाही. वितळलेल्या बर्फाचे पाणी कालव्यांनी शेतोशेती खेळविले आहे. त्या पाण्यावर कापूस, संत्री, द्राक्षे पिकतात. जगातील सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतो, आणि तो बहुतांशी याच दरीत.

या संपन्न भूमीचे एक निराळे रूप १९३८ च्या हिवाळ्यात 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार होरेस ब्रिस्टल यांनी टिपून ठेवले. ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांत दुष्काळ, धुळीची वादळे, कर्ज आणि नव्याने आलेले ट्रॅक्टर यांमुळे जमिनीवरून उठलेली कुटुंबे जुन्या मोटारींत संसार भरून येथे आली होती. कामापेक्षा हात अधिक झाले आणि मजुरी घसरत गेली. आवक वाढली की भाव उतरतो, हे व्यापाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. येथे मात्र भाव उतरला तो माणसाच्या श्रमाचा, आणि भरल्या शेताच्या बांधावर मुले उपाशी राहिली.

त्या वर्षी फेब्रुवारीत व्हिसेलिया गावाच्या परिसरात पूर आला. मजुरांचे तंबू चिखलात रुतले. ब्रिस्टल आणि लेखक जॉन स्टाइनबेक शनिवार-रविवारी तेथे जात. छायाचित्रे व लेख यांचे एकत्र पुस्तक करावे, असा ब्रिस्टल यांचा मानस होता. परंतु हा विषय तेवढ्यात मावणारा नाही, असे सांगून स्टाइनबेक बाजूला झाले आणि कादंबरीकडे वळले. १९३९ मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरी गाजल्यावर ब्रिस्टल यांची छायाचित्रे 'लाइफ'मध्ये आली. तंबूत तान्ह्या बाळाला पाजणारी माता आज कादंबरीतील 'रोझ ऑफ शॅरन' म्हणून ओळखली जाते. पात्रांची नावे जगभर पोहोचली. ज्यांचे ते चेहरे, त्यांची स्वतःची नावे मागे राहिली.

१९५६ मध्ये पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या ब्रिस्टल यांनी आपली पुष्कळशी छायाचित्रे जाळली. उरलेली पेटाऱ्यांत बंद केली. सुमारे तीस वर्षांनी त्यांच्या मुलाला शाळेत हीच कादंबरी वाचावयास लागली, तेव्हा ते पेटारे पुन्हा उघडले गेले.

आज त्या दरीत मैलोगणती बदामाच्या बागा आहेत. फेब्रुवारीत, म्हणजे त्या पुराच्याच महिन्यात, त्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी बहरतात. गोणीवर मालाचे वजन लिहिलेले असते, प्रतही लिहिलेली असते. ते पीक उभे करणाऱ्या हातांची नोंद तिच्यावर नसते. तशी एक नोंद ब्रिस्टल यांच्या पेटाऱ्यातून वाचली, म्हणून ती आज पाहता येते.