समासातले अक्षर

परवा सुट्टीच्या दिवशी माझ्या लेकीने मला एक जुना इंग्रजी चित्रपट दाखविला. घरात चकल्यांचा घाट चालला होता, आणि त्या खमंग वासात आम्ही बापलेक थेट बुडापेस्टला जाऊन पोचलो. 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हे त्या चित्रपटाचे नाव. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या नाटकावरून अर्न्स्ट ल्युबिचने तो १९४० साली काढला.

चित्रपट संपला आणि लेकीने एकदम विचारले, "बाबा, तुमचं आणि आईचं कसं जमलं हो?"

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. म्हणजे उत्तर ऐकायला श्रोते दोन होते! अशा वेळी शहाण्या माणसाने दुसऱ्याच्या गोष्टीआड लपावे. मीही क्रालिकच्या आड लपलो.

हा क्रालिक चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातला विक्रेता. त्याला ज्ञानकोश हवा होता. नवा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळू लागला. ज्ञानकोश राहिला बाजूलाच. सांस्कृतिक विषयांवर निनावी पत्रव्यवहार करू इच्छिणाऱ्या एका मुलीची जाहिरात मात्र त्याला सापडली. पत्रे सुरू झाली. पुढे त्याच दुकानात क्लारा नावाची मुलगी नोकरीस लागली. दोघांचे क्षणभर पटेल तर शपथ! दिवसा दुकानात भांडायचे आणि एरवी परस्परांना हळुवार पत्रे लिहायची. आपण लिहितो ती कोणाला, याचा पत्ताच नाही.

अखेर भेटीचा दिवस ठरतो. खूण म्हणून क्लारा टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' आणि एक तांबडे फूल घेऊन हॉटेलात बसते. क्रालिकचा मित्र खिडकीतून डोकावतो आणि आत कोण बसले आहे ते त्याला सांगतो. क्रालिक आत जातो, पण ओळख देत नाही. ती बिचारी पत्रातल्या थोर पुरुषाची वाट पाहत असते आणि समोर बसलेल्या त्याच पुरुषाला क्षुद्र कारकून म्हणून हिणवीत असते!

मला गंमत वाटली ती त्या पुस्तकाची. ज्या कादंबरीची नायिका आगगाडीखाली जीव देते, ती टेबलावर मांडून ही मुलगी सुखाची वाट पाहते! पण आम्हा वाचनवेड्यांची जातच अशी. माझ्याही हातात तेव्हा 'रणांगण' होते.

मी पंचविशीत होतो. तालुक्याच्या गावी शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो आणि शाळा सुटली की वाचनालय गाठत होतो. तिथे खिडकीशी एक मुलगी बसे. पुस्तकावर शिक्का मारायचा, उशीर झाला की दंड घ्यायचा आणि उरलेल्या वेळात खोडरबर घेऊन पुस्तकांवरचे पेन्सिलीचे शेरे खोडायचे, हे तिचे काम. मला तिने दंडाचा एक रुपया कधी सोडला नाही. 'अरसिक' या शब्दाचा अर्थ मुलांना सांगताना माझ्या डोळ्यांसमोर तीच येई.

एके दिवशी विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' घरी आणले. १९३९ सालची ही छोटीशी कादंबरी. बोटीवर जुळणाऱ्या आणि समुद्रातच संपणाऱ्या प्रेमाची. तिच्या समासात मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते : 'इथे नायक घाबरला.' मी खाली लिहिले, 'घाबरला नाही, विचारात पडला.' पंधरा दिवसांनी ते पुस्तक पुन्हा मागून घेतले. उत्तर हजर होते : 'एकच!'

मी घायाळ झालो. असे नेमके, असे खट्याळ लिहिणारी ती कोण असेल? पुढे आणखी तीन-चार पुस्तकांत आमचा वाद रंगला. त्या अक्षराला मी मनोमन डोळे दिले, वेणी दिली, आवाजसुद्धा दिला. शेवटी धीर करून 'रणांगण'च्या शेवटच्या पानावर लिहिले : 'येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, वाचनालयात. खूण हेच पुस्तक.'

तो रविवार उजाडला. नवा सदरा घालून मी साडेनऊलाच जाऊन बसलो. दहाच्या ठोक्याला दारातून 'रणांगण' आत आले. पाठोपाठ काळी टोपी, धोतर, काखेत छत्री आणि सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त पोस्टमास्तर!

"तुम्हीच का?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, कोणी माझ्या वयाचे असतील. मतं इतकी जुनाट!"

खिडकीपलीकडून हसू फुटले. ती मुलगी नोंदवहीत तोंड खुपसून हसत होती. दोन वर्षांत मी तिचा हात पाहिला होता, शिक्का पाहिला होता. चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पोस्टमास्तर मात्र हसले नाहीत. जरा थांबून म्हणाले, "आमची मंडळी गेली, तेव्हापासून पुस्तकावर भांडायला घरात कोणी नाही. म्हणून पेन्सिलीनं भांडतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साऱ्या वाचनालयातले शेरे खोडले जात होते; मग आमच्या दोघांचे तेवढे कसे शिल्लक राहिले? खिडकीशी जाऊन मी विचारले.

"नियम मला ठाऊक आहे," ती मान खाली घालून म्हणाली. "पण आजोबा पुस्तक घेतलं की घाईघाईनं समास उघडून पाहायचे. कसं खोडणार?"

मी कादंबऱ्यांतून माणसांची मने वाचीत होतो, आणि त्या म्हाताऱ्याचे एकटेपण वाचले होते ते या 'अरसिक' मुलीने. तिच्या वडिलांकडे माझा शब्द टाकायला पोस्टमास्तरच गेले. जन्मभर लोकांची पत्रे पोचविणाऱ्या त्या गृहस्थांनी माझे हे पत्र हातोहात पोचविले.

बुडापेस्टच्या दुकानातली ती जोडी नाताळच्या आदल्या रात्री एकमेकांना ओळखते. हीच गोष्ट १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा घडली, 'यू हॅव गॉट मेल' या चित्रपटात. पत्रांच्या जागी ईमेल आले आणि 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या जागी 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. आंधळेपणा मात्र होता तोच. प्रेम शोधणारा वाचनवेडा दूरचे बारीक अक्षर लावीत बसतो आणि समोरचे ठळक अक्षर त्याला दिसत नाही.

माझी गोष्ट संपली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "दंड चौदा रुपये झाला होता. तेही सांगा!"

आजही माझ्या कादंबरीचे हस्तलिखित आधी हिच्या हाती जाते. परत येते तेव्हा समासात पेन्सिलीचे शेरे असतात. कधी 'इथे तुम्ही घाबरलात', कधी नुसते 'एकच!' खोडरबर आता माझ्या टेबलावर असते. ते वापरण्याची हिंमत मात्र मला अजून झालेली नाही.